तिसऱ्या लढाईचं नाव

पोरगी पन्नास दिवसांची झाली त्या शनिवारी पुकेरिमू गावाच्या सभाघरापुढे सहा मोटारी, एक ट्रॅक्टर आणि दोन घोडे येऊन उभे राहिले. पोरीच्या आईनं, रीपेकानं, ते दारातून मोजून पाहिले. आज ठरणार होतं. आज नाही ठरलं तर कधीच ठरणार नव्हतं.

पन्नास दिवस पोरीला नाव नव्हतं. कुणी तिला बाळ म्हणे, कुणी चिमणी. पेने, तिचा बाप, तिला ‘पाहुणी’ म्हणे. "काय म्हणते आमची पाहुणी?" या एका हाकेवरून रीपेकानं त्याच्याशी दोनदा अबोला धरला होता. पाहुणी म्हणजे जाणारी. पेनेला ते कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तो म्हणत होता. मनाची तयारी करून ठेवायची त्याची रीत होती ती.

पहिला मुलगा त्रेचाळीस दिवस जगला होता. म्हणून या पोरीचा त्रेचाळिसावा दिवस सरेपर्यंत नावाचा विषय घरात कुणी काढला नाही. चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी सासरे, पापा हाकोपा, खाकरून म्हणाले, "पुढच्या शनिवारी माणसं बोलावतो." बस, एवढंच. मग दारातून वळून म्हणाले, नावांची यादी मी करतो.

स्वयंपाकघरामागे जेवण शिजवायच्या खड्ड्यातले दगड पहाटेपासून तापत होते. डुकराचं मांस, रताळी, भोपळा, कोबी, सगळं तारेच्या टोपल्यांत भरून होत आलं होतं. किरीती ओली पोती पिळत उभी होती. ही पेनेची आतेबहीण, मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीची मुकादम, खांद्यानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. तिचा धाकटा भाऊ अलामेन वेलिंग्टनहून रात्रभर मोटार हाकत आला होता आणि आता फावड्यावर रेलून सगळ्यांना सल्ले देत होता.

"तोआ ठेवा," तो म्हणाला. "योद्धा. सुटसुटीत आहे."

"मुलगी आहे ती, गाढवा."

"मग काय झालं? आमच्या कारखान्यात चार तोआ आहेत. चौघंही बायकोला घाबरतात. त्यापेक्षा मुलगीच बरी."

किरीती हसली. रीपेका हसली नाही. ओंजळभर रताळी टोपलीत रचत ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला तिचं नाव कासिनो ठेवायचंय."

पिळलेलं पोतं किरीतीच्या हातात तसंच राहिलं. अलामेननं फावडं सरळ केलं. पाणी तापल्या दगडांवर ठिबकून चर्र झालं.

या घरात ते नाव चार वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं.

‘ते पाएआ’ हे पेनेच्या आजीचं नाव. तिचे चार मुलगे दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले होते. थोरला हाकोपा परत आला, पायात लोखंडाचा तुकडा घेऊन. बाकीचे तिघे तिकडेच राहिले. एक क्रीट बेटावर, एक अलामेनच्या वाळूत, आणि शेंडेफळ रोंगो इटलीत, कासिनोला. गेलेल्याचा देह घरी येत नाही म्हटल्यावर ती जागाच घरी आणायची, अशी या सगळ्या किनाऱ्याचीच चाल पडली होती. बातमी आली की घरात जन्मणाऱ्या पुढच्या बाळाला त्या जागेचं नाव. आजीच्या लेकीला मुलगी झाली ती किरीती, म्हणजे क्रीट, मग मुलगा झाला तो अलामेन. शाळेत बाई हजेरी घेऊ लागल्या की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटे, रेडिओवर लढाईच्या बातम्या लागल्यात.

पण तिसरं नाव आजीनं कुणाला दिलं नाही. नातवंडं झाली, त्यांना बायबलातली नावं मिळाली. रोंगोचं नाव ती वीस वर्षं पदराआड राखून बसली. ते दिलं की रोंगो खरंच गेला, असं तिला वाटत असावं. मग पेने-रीपेकाला पहिला मुलगा झाला. त्याच्या नावाच्या दिवशी तिनं मूठ उघडली. मोठ्या हौसेनं, हसत, रडत उघडली. आणि त्रेचाळीस दिवसांनी त्या नावाचा एक छोटा क्रूस टेकडीवर उभा राहिला.

"आजी ऐकायची नाही," किरीती अखेर म्हणाली. "तिला वाटतं त्या नावानं पोर खाल्लं. मामाला वाटतं. पेनेलाही वाटतं."

"आणि तुला?"

किरीतीनं पोतं पुन्हा पिळलं. "मला दोन पोरं आहेत, रीपेका. मी असल्या नावाच्या वाटेला गेले नसते."

"तू स्वतः तसलं नाव लावतेस की गं."

"मला कुणी विचारलं होतं?" किरीतीनं टोपल्या दगडांवर उतरवल्या, वर पोती टाकली आणि माती ओढायला सुरुवात केली. "लावते आणि जगते. तुझं हे वेगळं आहे." फावडंभर माती पडल्यावर ती थांबली. "पेनेला सांगितलंस?"

"काल सांगितलं."

"काय म्हणाला?"

"उठून लाकडं फोडायला गेला."

अलामेननं शीळ घातली. "दोन महिन्यांचं सरपण झालं असेल मग."

*

सभाघरात चटया अंथरलेल्या होत्या. मागच्या भिंतीवर गेलेल्यांच्या तसबिरी होत्या, एकीला एक लागून. वरच्या रांगेत गणवेशातले तिघे भाऊ होते. रोंगो हसतोय, त्याची टोपी जरा तिरकी. या घरात त्याच्याकडे पाहून माणसं नमस्कारासारखी मान हलवत, पण नजर लगेच काढून घेत.

रीपेका पोरीला घेऊन भिंतीशी बसली. पेने तिच्या शेजारी येऊन बसला. खांद्याला खांदा लागला. त्याच्या हातांना राळेचा वास येत होता.

"अहो," ती कुजबुजली.

"पापांनी यादी केलीय," तो समोर पाहत म्हणाला. "सतरा नावं आहेत. चांगली आहेत. त्यातलं एक घे ना. मला पुन्हा टेकडीवर जायचं नाहीये, रीपेका."

तिचा राग जागच्या जागी विरला. तिनं पोरीची मूठ त्याच्या बोटाभोवती ठेवली. पोरीनं ते बोट धरलं आणि सोडलं नाही.

ते पाएआआजी खांबाजवळ खुर्चीत बसली होती. काळा पोशाख, हनुवटीवर गोंदण, डोळे अर्धे मिटलेले. ती या घरातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात मोठ्या घराण्याची. ती एक शब्द बोलली असती तर पुढचं सगळं मिटलं असतं. पण ती पन्नास दिवसांत एकदाही पोरीला मांडीवर घ्यायला आली नव्हती. दारातून बघायची आणि जायची.

पापा हाकोपा कोरीव काठी टेकत उठले. त्यांनी गेलेल्यांना साद घातली, जमलेल्यांना साद घातली, बाप्तिस्म्याचं पाणी पाद्रीबाबा रविवारी घालतीलच म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "त्याआधी आपली रीत. ओढ्याचं पाणी आणलंय. मी नावं घेतो. ज्या नावाला बाळ शिंकेल ते बाळाचं. आपल्या वाडवडलांनी असंच केलं. तिच्या मनात काय आहे ते तिलाच सांगू दे."

माणसं खुषीनं हलली. ही सगळ्यांच्या आवडीची रीत होती. मुलं पुढे सरकून बसली.

किरीतीनं पोरीला रीपेकाकडून घेतलं आणि घराच्या मधोमध उभी राहिली. पापांनी हिरवी डहाळी लाकडी वाडग्यात बुडवली.

"हिनेतोआ," ते म्हणाले. "शूर बाई. माझ्या पणजीची बहीण, कुंपणावर उभी राहून बंदुका भरत होती ती."

पोरीनं डोळे किलकिले केले.

"ते ताउआ. लढाईला निघालेली टोळी."

पोरीनं जांभई दिली. मुलं खिदळली.

"मेरे. केरेआना. मारामा." एकेका नावाला पाण्याचा एकेक थेंब. "रोंगो." या नावाशी पापा थोडे थांबले आणि सुनेकडे पाहिलं. ही त्यांनी पुढे केलेली तडजोड होती हे रीपेकाला कळलं. रोंगो म्हणजे शांतीचा देव, रताळ्याच्या वाफ्यांचा देव. काकाचं नावही राहील आणि ती लढाईची जागाही टळेल. किती विचार करून ते यादीत घातलं असेल! तिला क्षणभर म्हाताऱ्याची माया आली.

पोरगी शिंकली नाही.

सतरा नावं झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "नाकाला पीस लावा." दुसरं कुणी म्हणालं, "मिरपूड आणू का?" हशा पिकला. पोरगी किरीतीच्या दंडावर गाल टेकून सगळ्यांकडे पाहत होती, जणू हे सगळे दुसऱ्याच कुणासाठी जमलेत.

"पुन्हा पहिल्यापासून घेतो," पापा म्हणाले.

"यादी पुरी नाहीये, पापा."

आपणच बोललो हे रीपेकाला दोन क्षणांनी समजलं. ती उठून उभी होती.

हाकोपांनी काठी जमिनीवर टेकवली. "बस, पोरी."

"एक नाव राहिलंय."

"रीपेका." आवाज कठोर नव्हता, उलट विनवणीचा होता. "या घरात बायका उभ्या राहून बोलतात. तो मान इथल्या लेकींचा आहे. तू डोंगरापलीकडून आलेली. तुमच्याकडे बायका बसून बोलतात. बसून बोल, ऐकतो मी."

हे खरंच होतं. रीपेकाच्या माहेरी बाईनं सभेत उभं राहून तोंड उघडलं असतं तर आईनं पोशाखाला धरून खाली ओढली असती. आणि तिला हेही ठाऊक होतं की नुसतं बोलून भागत नाही. बोलणं संपलं की बोलणाऱ्याच्या पाठीशी माणसांनी उभं राहून गाणं म्हणायचं असतं. कुणीच उठलं नाही तर ते बोलणं तिथंच मरतं, आणि बोलणाऱ्याला एकट्यानं खाली बसावं लागतं. माझ्यासाठी कोण उठणार? नवराही नाही.

"मी इथल्या मातीत माझं पोर पुरलंय," ती म्हणाली. "तेवढ्यानं मी इथली झाले नसेन तर सांगा, बसते."

पापांनी काठीची मूठ हळूच चोळली. मग ते स्वतः खाली बसले. तोच त्यांचा होकार होता.

रीपेका आजीकडे वळली.

"आजी, तुम्ही मुलाला ते नाव दिलंत त्या दिवशी तो शिंकला होता. सगळं घर ओरडलं होतं. पापांनी मला उचलून नाकाला नाक लावून अभिनंदन केलं होतं. आठवतं?"

आजीचे डोळे आता पुरते उघडले होते.

"तो नावाला शिंकला नव्हता, आजी. त्याला सर्दी झाली होती. दोन दिवस आधीपासून नाक वाहत होतं. मला ठाऊक होतं. पण तुम्ही इतक्या खूष होता, वीस वर्षांनी खूष होता, मी बोलले नाही. मग ती सर्दी छातीत उतरली. मग तो खोकला आला. डांग्या. तुम्हाला वाटतं नावानं खाल्लं. मला चार वर्षं वाटत आलंय की माझ्या गप्प बसण्यानं खाल्लं. आपण दोघी एकाच घरात राहतो, एकाच चुलीवर शिजवतो, आणि दोघी एकमेकींपासून तोंड लपवतो."

पेनेनं मान वर केली. हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"त्या थंडीत या नदीकाठची तीन बाळं गेली. आमचा एक. पुलापलीकडचा जॉर्ज. चर्चजवळची ती छोटी मेरी. जॉर्ज राजांचं नाव होतं. मेरी देवाच्या आईचं. त्या नावांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? बाकीच्या जॉर्जना आपण हाका मारायचं सोडलं का? नाही ना? मग माझ्या मुलाच्याच नावाला का शिक्षा?"

मागच्या रांगेत पुलापलीकडच्या जॉर्जची आई बसली होती. तिनं डोक्यावरची शाल चेहऱ्यावर ओढली आणि शालीच्या आतून मोठ्यानं म्हणाली, "बोल, बाई. बोल."

"त्याचं नाव कुणी घेत नाही," रीपेका म्हणाली. "चुकून तोंडी आलं तर जीभ चावता. नकाशावर ते गाव दिसलं तर पान उलटता. रोंगोकाकांकडे बघून नजर काढता. दोन माणसांना एका नावात पुरलंय आपण. टेकडीवर पुरलं ते मी समजू शकते. पण जिभेखाली का पुरायचं? मला ते नाव दिवसातून शंभर वेळा ऐकायचंय. ऊठ म्हणून, जेव म्हणून, शाळेत उशीर होतोय म्हणून. ही पोरगी लढायला जायची नाही. पण लढून आलीय. पन्नास दिवस तुम्ही सगळे तिच्या मरणाची वाट बघत होतात. ती मेली नाही. तिला योद्ध्याचं नाव शोभतं."

ती थांबली. आणखी काही उरलं नव्हतं.

पापा हाकोपा बसल्या जागेवरून हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मी होतो तिथं. तुम्हा सगळ्यांना ते नाव आहे. मला नाही. मला ती जागा आहे. ते दगड आहेत, तो चिखल आहे, तो धूर आहे. मी ते उच्चारलं की मी तिथं असतो."

"मग ते तुमच्यासाठीही नाव होऊ द्या, पापा."

म्हाताऱ्यानं काठी बाजूला चटईवर ठेवली.

आणि मग ती शांतता आली, जिची तिला भीती होती. बोलणं संपलं होतं. गाणं व्हायला हवं होतं. चटयांवर ऐंशी माणसं होती, आणि तिच्या बाजूला कुणी नव्हतं. तिनं एक श्वास घेतला, दुसरा घेतला. बसावं लागणार, तिच्या मनात आलं.

किरीती हलली. पोरगी कडेवर घेऊन ती मधोमध उभी होतीच. ती चार पावलं चालत आली आणि रीपेकाच्या डाव्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

"मला कुणी विचारलं नव्हतं," ती सगळ्या घराला म्हणाली, "पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

"मी नाही म्हटलं असतं," अलामेन मागून म्हणाला, "पण आता सव्वीस वर्षांची सवय झाली." आणि तोही येऊन उभा राहिला. हसू फुटलं. शालीनं डोळे पुसत जॉर्जची आई उठली. ती तर परक्या घरची. तरी उठली.

रीपेकानं पेनेकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. तिला फक्त राळेचा वास आला, उजव्या बाजूनं, आणि एक हात तिच्या पाठीवर पडला.

"टेकडीवर जाऊ आपण उद्या," पेने तिच्या कानाशी म्हणाला. "तिला घेऊन. भावाला दाखवू."

आता गाणं कुठलं म्हणायचं? एवढी माणसं उठली होती आणि सुरुवात कुणालाच सुचेना. किरीतीनं घसा खाकरला. तेवढ्यात खांबाजवळून एक आवाज आला. पातळ, म्हातारा, पण स्वराला पक्का.

आजी खुर्चीतून उठली नव्हती. डोळे मिटूनच ती गात होती. रीपेकाच्या मुलाच्या वेळी तिनं रचलेली अंगाई. तेव्हा तिनं ती ‘बाळा’ म्हणून गायली होती. आता शब्द बदलत, चाचपडत, पुढे सरकत होती.

ये गं लेकी, ये गं । डोंगराच्या पाठी ।
समुद्राच्या काठी । नाव तुझे ॥

तिघे गेले माझे । बसून नावेत ।
आले ना परत । किनाऱ्याला ॥

एक ठेविला मी । बेटाच्या मातीत ।
दुजा तो वाळूत । तापलेल्या ॥

तिसरा ठेविला । दगडांच्या घरी ।
त्याची हाक दारी । आण पोरी ॥

शेवटच्या ओळीला आजी उठली. दोघांनी आधार द्यायला हात पुढे केले, तिनं ते झटकले. ती चालत आली, किरीतीच्या कडेवरच्या पोरीसमोर उभी राहिली, आणि पन्नास दिवसांत पहिल्यांदा दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे," ती म्हणाली. "आणि हाकोपा, ते पाणी आण. मी जन्म दिलाय तुम्हा चौघांना. तू एकटा चालत घरी आलास, ते मला पुरलं नाही असं तुला वाटत आलं असेल, तर तसं नाही. पण आज तुझ्या भावाला आत घे."

पापा हाकोपा आले. लंगडत, काठीशिवाय, काठी तिथंच चटईवर राहिली होती. त्यांनी डहाळी बुडवली. भिंतीवरच्या तिरक्या टोपीकडे पाहिलं. आणि यावेळी नजर काढून घेतली नाही.

"कासिनो," ते म्हणाले.

डहाळी पोरीच्या कपाळाला लागली. सगळं घर पुढे वाकलं. मुलांनी श्वास रोखले. आता शिंकणार.

पोरगी शिंकली नाही. ती झोपली होती.

पाणी तिच्या भुवईवरून ओघळलं, तिनं ओठ दोनदा चोखले आणि आजीच्या छातीत तोंड खुपसून आणखी गाढ झोपली.

ते पाएआआजीनं तिच्याकडे पाहिलं. मग मान वर करून जाहीर केलं, "चार वर्षं तुम्ही सगळे या नावाला घाबरलात. मीपण. आणि ही बघा. हिच्या खिजगणतीत नाही."

आधी अलामेन ओरडला. मग किरीतीनं पाय आपटला, आणि पाय आपटताच सगळ्यांनाच कळलं, आता वाडवडलांचा लढाईचा नाच करायचा. चटया हादरल्या. ऐंशी माणसांनी मांड्यांवर हात थापटले, जिभा बाहेर निघाल्या, डोळे वटारले गेले, छपराचा पत्रा दणाणला, आणि त्या सगळ्या गर्जनेच्या मधोमध आजी पोरीचे कान हातानं झाकून उभी राहिली, हनुवटी वर करून, किल्ला जिंकून आलेल्या माणसासारखी.

*

जेवायला बसायला दुपारचे तीन वाजले. खड्ड्यावरची माती काढली तेव्हा वाफेचा असा लोट उठला की ट्रॅक्टर दिसेनासा झाला. लांब टेबलांवर मांस आलं, रताळी आली, शिंपल्यांची पातेली आली, आंबट पाव आला. जॉर्जची आई चहा ओतत होती आणि ज्याला त्याला सांगत होती की तिच्या मुलाचं मधलं नाव तुरुकी होतं, तेही आता कुणाला तरी देऊन टाका.

"डुकरापेक्षा जास्त नावं वाढताय तुम्ही आज," अलामेन म्हणाला आणि तिसऱ्यांदा मांस घेतलं.

पेने टेबलाच्या टोकाशी ताटं धूत होता. त्यानं दोन वेळा विनाकारण पोरीला हाक मारून पाहिली, नवी. एकदा स्वतःशी, एकदा मोठ्यानं. दोन्ही वेळा तो लाजला.

रीपेका पावाची टोपली घेऊन टेबलांमधून फिरत होती. पाय दुखत होते, दूध भरून आलं होतं, पण आजी पोरीला सोडायला तयार नव्हती. म्हातारी टेबलाच्या मानाच्या जागी बसून एका हातानं रताळं खात होती, दुसऱ्या हातानं पोरीला थोपटत होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाला नाकाला नाक लावायला आधी पोरीकडे पाठवत होती, मग स्वतःकडे.

आणि एकाएकी तिनं रताळं खाली टाकलं.

"अगं! अगं कासिनो! काळा पोशाख माझा! चर्चचा! कासिनो, तुझ्या बापानं शिवून दिला होता का हा?"

टेबलावर हशा फुटला. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला पापा हाकोपा बसले होते. लढाईपासून त्यांचा डावा कान मंद. त्यांनी तोंडातला घास आवरत, रताळ्याची साल काढता काढता, वर न बघता विचारलं, "आता काय केलं कासिनोनं?"

"भिजवलं मला!"

"मग बदला की तिचा लंगोट," म्हातारा म्हणाला आणि दुसरं रताळं उचललं.

आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. रीपेकाच्या लक्षात आलं. ती पावाची टोपली छातीशी धरून दोन टेबलांच्या मध्ये तशीच उभी राहिली, आणि समोरून आजी पुन्हा ओरडली, आता आणखी मोठ्यानं, "रीपेका! ने बाई तुझ्या कासिनोला!"